चोगले पंपमन आणि पिवळी जाळी

पांडुरंग चोगले कुणाशी हात मिळवत नसत. हाताचा वास घेत. माझी त्यांची पहिली भेट अशीच झाली. सामानाच्या बोटीतून दोरांच्या पाळण्यात घालून क्रेनने मला वर उचललं आणि लोखंडी डेकवर सोडलं. समोर एक बुटका, करड्या मिशांचा माणूस उभा होता. मी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, नाकाजवळ नेला, हुंगला आणि म्हणाले, "चंदनाचा साबण. बरं हाय. आता खिशातला लायटर काढा."

लायटर होता. मी सिगारेट ओढत नव्हतो. मित्राने भेट दिलेला तो लायटर मी नुसता मिरवायला ठेवला होता. तसं सांगितल्यावर चोगले म्हणाले, "व्हय. आगसुद्धा पयली मिरवायलाच येते."

हे रायगडच्या किनाऱ्यापासून बरंच आत, समुद्रात नांगरून ठेवलेल्या एका बार्जवर. बार्ज म्हणजे स्वतःचं इंजिन नसलेली अवाढव्य सपाट बोट. आमच्या बार्जवर चार मजली इमारत होती. आसपासच्या तेलविहिरींवर काम करणारे दोनशेएक लोक तिथे राहत, जेवत, झोपत आणि घरी फोन करून इथं सगळं मस्त आहे असं सांगत. त्यांच्या पलंगांखाली जनरेटरच्या डिझेलच्या टाक्या होत्या. डोक्यावर, हेलिकॉप्टर उतरायच्या गच्चीला लागून, हेलिकॉप्टरच्या इंधनाच्या टाक्या. मागच्या अंगाला गॅसची नळकांडी, रंगाचे डबे, थिनर. फटाक्यांच्या दुकानावर लॉज बांधावं तशी ती जागा होती. त्या दुकानाची राखण चोगलेकाकांकडे होती आणि कंपनीच्या कागदावर त्यांचा हुद्दा होता पंपमन.

माझा हुद्दा त्याहून भारदस्त होता, सुरक्षा सहायक. मी अलिबागच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलो होतो आणि सुरक्षेचं काम म्हणजे काय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं: पोस्टर चिकटवणं आणि तक्ते भरणं. 'सुरक्षा हाच आमचा धर्म' या पोस्टरवर मी इतकं प्लास्टिक चढवलं की बार्जवरची सर्वांत चटकन पेटणारी वस्तू बहुधा सुरक्षा विभागातच होती. चोगलेकाकांनी ते पोस्टर नीट वाचलं, कडा बोटाने चाचपल्या आणि म्हणाले, "छान हाय. आग आली की तिला वाचून दाखवा."

चोगलेकाका श्रीवर्धनच्या बाजूच्या एका कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती, थोरल्या भावाची इंजिनाची होडी होती. शाळा सातवीपर्यंत. पण तेलाच्या बाबतीत त्यांना जे कळत असे ते आमच्या जाड नियमपुस्तकात सापडायचं नाही, आणि सापडलं तरी समजायचं नाही. मला शिकवताना त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या इंधनांची ओळख करून दिली. "डिझेल ही घरातली सून. धा वेळा बोला, गप ऐकून घेल. पण तिला तापलेल्या नळीवर नेऊन घातली तर घर जाळील, आन दोष तिचा न्हाय. हेलिकॉप्टरचं तेल म्हंजे व्याही. दिसायला साधा, पन मान जरा कमी पडला का बिनसलं. आन पेट्रोल जावई. त्याला आपल्या घरात ठेवायचाच न्हाय."

व्याह्याचा मान म्हणजे काय तेही दाखवलं. हेलिकॉप्टरमध्ये इंधन भरण्याआधी ते तांब्याची एक तार हेलिकॉप्टरच्या अंगाला आणि टाकीला जोडत. नळीतून तेल धावतं तेव्हा थोडी वीज साठते, तिची ठिणगी पडण्याआधी ती तारेतून निघून जावी म्हणून. एकदा वैमानिक घाईत होता. तारेचं राहू द्या, म्हणाला. चोगलेकाका नळी खाली ठेवून डेकवर मांडी घालून बसले. "राहू द्या. मी पण राहतो," म्हणाले. तार जोडून झाल्यावरच हेलिकॉप्टर उडालं.

इतकी खबरदारी कशासाठी, असं मी एकदा मूर्खासारखं विचारलं. ते रंगाच्या कोठाराचं दार तपासत होते. दाराकडे तोंड करूनच बोलले. "थोरला भाऊ व्हता. त्याच्या होडीत फळ्यांखाली पेट्रोल झिरपलेलं. तो म्हनाला, समुद्रावर वारा हाय, वास उडून जाईल. पेट्रोलचा वास उडत न्हाय. पाण्यासारखा खाली बसतो. त्यानं इंजिनाला दोरी मारली. वास तितंच राहिला, होडी उडाली." मग कडी ओढून पाहिली आणि म्हणाले, "ह्या दाराला तेल घाला. खायचं न्हाय, बिजागरीचं." त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही, आणि मीही नाही.

बार्जवर त्यांचा एकच मित्र होता, म्हसळ्याचा अन्वरभाई, मुख्य आचारी. मैत्रीचं लक्षण असं की दोघं दिवसातून दोनदा भांडत. एकदा काकांनी मला स्वयंपाकघरामागे नेलं. तिथे तळणाचं तेल पुसायची फडकी धुऊन, ड्रायरमधून काढून, गरम गरमच एका गोणीत दाबून भरलेली होती. "हात घाला," काका म्हणाले. मी गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत तव्याजवळ हात नेल्यासारखी धग होती.

"कोनी पेटवलं न्हाय," काका म्हणाले. "तेल धुऊन सगळं जात न्हाय. कोंडून ठेवलं का आपलं आपन तापतं. रागीट माणसासारखं."

अन्वरभाईने आतून ओरडून सांगितलं, "चाचा, ती फडकी आमच्या खात्याची हायत. तुमचं खातं डिझेलचं."

"तुमचं खातं पेटलं का माझ्या खात्यात येतं," काका म्हणाले. गोणी रिकामी झाली, फडकी डेकवर पसरून थंड करण्यात आली. त्या रात्री काकांच्या ताटात सुरमईचा मोठा तुकडा आला, आणि हा तुकडा शिळा असणार असं म्हणत त्यांनी तो संपवला.

मग आमच्या बार्जला पुरस्काराचे डोहाळे लागले.

मुख्य कार्यालयाने उत्कृष्ट सुरक्षा पुरस्कार जाहीर केला होता आणि पाहणीसाठी समिती हेलिकॉप्टरने येणार होती. बार्जचे मॅनेजर दिवेकर साहेब स्वभावाने वाईट नव्हते. फक्त जे दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि सुरक्षा बहुतेक वेळा दिसत नाही. त्यामुळे त्यांनी ती दिसेल अशी व्यवस्था केली. संपूर्ण बार्ज रंगवायचं ठरलं. कठडे पिवळे, नळ लाल, पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या. रंगारी आले आणि जे हललं नाही ते सगळं त्यांनी रंगवलं. काका तेव्हा रजेवर घरी होते. ते असते तर पुढचं काही घडलं नसतं आणि बार्जलाही पुरस्कार मिळाला नसता.

डिझेलच्या प्रत्येक टाकीच्या डोक्यावर हवेचा एक नळ असतो, बगळ्याच्या मानेसारखा खाली वाकलेला. टाकीत तेल आलं की आतली हवा त्यातून बाहेर पडते, तेल वापरलं की बाहेरची हवा आत येते. नळाच्या तोंडाला तारेची बारीक जाळी असते. हवा जावी, पण उडती ठिणगी आत जाऊ नये म्हणून. रंगाऱ्यांनी त्या जाळ्यांनाही पिवळ्या रंगाचे दोन हात दिले, अगदी मन लावून. भोकं बुजली. लांबून जाळ्या नव्याकोऱ्या दिसत होत्या. माझ्या तक्त्यात 'हवेचे नळ: स्वच्छ' या रकान्यापुढे मी बरोबरची खूण केली, कारण त्याहून स्वच्छ काही मी पाहिलं नव्हतं.

समिती आली त्याच सकाळी डिझेल घेऊन बोट आली, आणि त्याच बोटीने चोगलेकाका रजेवरून परतले. समिती जेवणघरात अन्वरभाईची कटलेट खात होती. खाली पंप सुरू झाला, नळीतून डिझेल टाकीत जायला लागलं. काका पाळण्यातून उतरले. त्यांच्या काखेत घरून आणलेल्या सुक्या बोंबलांची पिशवी होती. कपडे बदलायलाही न जाता सवयीने ते हवेच्या नळापाशी गेले आणि जाळीखाली तळवा धरला. टाकी भरत असताना तिथे हवेचा झोत लागायला हवा. तळव्याला काही लागलं नाही. त्यांनी नखाने जाळी खरवडली. नखाखाली पिवळा रंग आला.

हवेला जायला वाट नव्हती, म्हणून आतला दाब तेलाला दुसऱ्या वाटेने ढकलत होता. टाकीत तेल किती आहे ते मोजायला पट्टी सोडण्याचा एक नळ असतो. त्याचं झाकण ढिलं होतं. त्या फटीतून डिझेलची बारीक फवारणी सुरू झाली होती, आणि तिथून दोन हातांवर जनरेटरचा धूर बाहेर नेणारा तापलेला नळ होता. सुनेला नेऊन घालायची नाही ती जागा.

काकांनी हाताशी असलेलं आणीबाणीचं बटण दाबलं. पंप थांबला, भोंगा वाजला. पंप थांबला तरी टाकीत कोंडलेला दाब होताच. काकांनी पिशवी टाकली आणि फवाऱ्यात तोंड घालून, उघड्या हातांनी ते झाकण आवळलं. मी धावत पोचलो तेव्हा ते डोक्यापासून छातीपर्यंत डिझेलमध्ये न्हालेले होते आणि डोळे मिटूनच सांगत होते, "जवळ येऊ नका. मी आता पेटायला तयार हाय."

समितीला जीवरक्षक जाकिटं घालून तासभर भर उन्हात डेकवर उभं राहावं लागलं. कटलेट थंड झाली. माझ्या आठवणीत दिवेकर साहेबांचा चेहरा त्या दिवशी कठड्यांपेक्षा पिवळा होता.

दुपारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर अहवालाचा कोरा फॉर्म होता. ते शांतपणे म्हणाले, "गळती झालीच नाही असं नाही. पण किरकोळ. हवेचे नळ स्वच्छ होते, तुमच्याच तक्त्यात आहे. चोगलेंनी गैरसमजाने भोंगा वाजवला. असं लिहू."

मी म्हणालो, "साहेब, जाळी रंगाने बुजली होती."

"मग तुमच्या तक्त्यात स्वच्छ कसं? खोटं लिहिलंत का तुम्ही?" त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "पुढच्या महिन्यात तुमच्या कायम होण्याची फाईल माझ्याकडे येतेय. मी तरुणांच्या बाजूचा माणूस आहे."

मी लिहिलं. सहीसुद्धा केली. मग टोपण लावून पेन त्यांना परत दिलं.

काकांना पुढच्याच बोटीने किनाऱ्यावर पाठवलं, गैरसमजाने घबराट पसरवल्याबद्दल. डोळे सुजून लाल झाले होते. अहवालाची एक प्रत त्यांना देणं नियमाने आवश्यक होतं, आणि ती नेऊन देण्याचं काम नियमानेच माझ्याकडे आलं. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून सावकाश वाचली. "अक्षर वळनदार हाय तुमचं," एवढंच म्हणाले आणि पाळण्यात जाऊन बसले.

महिन्याभरात निकाल लागला. पुरस्कार आमच्या बार्जला मिळाला. आणीबाणीत तत्पर प्रतिसाद दिल्याबद्दल मॅनेजरचं खास कौतुक केलं होतं. समितीने भोंगा वाजताना आणि दोनशे माणसं मिनिटांत जमा होताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं ना. दिवेकर साहेबांनी पितळी पाटी जेवणघरात लावली. मी कायम झालो.

तीन महिन्यांनी मी रजा घेतली आणि श्रीवर्धनची एसटी पकडली. झोप उडाली होती वगैरे नाही. मला फक्त अन्वरभाईच्या हातचं जेवण जाईनासं झालं होतं, कारण तो माझ्या ताटात वाढताना माझ्याकडे बघत नसे. त्यानेच काकांचा पत्ता दिला, तोही न बघता.

काकांचं घर जेट्टीपासून जवळ होतं. पुढच्या पडवीत जाळी टांगलेली, मागे नारळाची चार झाडं. त्यांच्या पत्नी यमुनाकाकूंनी पाणी दिलं आणि पानं मांडली. काकांनी मला पाहून ना आनंद दाखवला ना राग. "या साहेब. पोस्टर आनलं का?" म्हणाले.

मी वाटेत तीन-चार वेळा मनात घोळवलेलं वाक्य बोलून टाकलं. "काका, मी खोटं लिहिलं. माझ्या सहीमुळे तुमची नोकरी गेली."

"ठावं हाय. मना वाचता येतं," ते म्हणाले. भाताचा घास कालवत त्यांनी विचारलं, "जाळ्या साफ केल्या का?"

तीन महिने मी माझ्या सहीचा विचार केला होता, काकांच्या नोकरीचा केला होता, माझ्या मनाला काय वाटतंय याचा तर फारच केला होता. जाळ्यांचा नाही.

"कागदावर त्या स्वच्छच आहेत," मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच काय ते लक्षात आलं. कागदावर जी गोष्ट स्वच्छ आहे ती साफ करण्याचा हुकूम कोण काढणार? हुकूम काढायचा तर ती घाण होती असं लिहावं लागलं असतं.

काकांनी घास ताटात परत ठेवला. "मग ह्या तीन महिन्यांत तेल कसं भरलं?"

"थोडं थोडं. झाकण उघडं ठेवून. आता नवा पंप आलाय, मोठा. उद्या टाक्या पूर्ण भरणार आहेत."

"उठा," ते म्हणाले. उष्ट्या हाताने त्यांनी मला दंडाला धरून उठवलं. "फोन लावा. अन्वरला."

अन्वरभाईने फोन घेतला. काकांचा आवाज ऐकून काही न विचारता तो डेकवर गेला. मिनिटभराने म्हणाला, "चाचा, जाळी कुठं? पिवळी थाळी लावल्यागत दिसतंय. चारी नळांना."

मग दिवेकर साहेबांना फोन लावला. तो लावायला मला वेळ लागला, हे कबूल करतो. काका पडवीत माझ्यासमोर उभे होते आणि खरकटा हात वाळत होता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "रेकॉर्ड स्वच्छ आहे. तुम्ही रजेवर आहात. आराम करा."

"साहेब, रेकॉर्ड मी लिहिलंय. ते खोटं आहे," मी म्हणालो. "उद्या पंप लावू नका. मी हेच मुख्य कार्यालयाला आता लिहून पाठवतोय."

साहेब म्हणाले, "विचार करा." मी केला नाही. त्या दिवशी जरा जरी विचार केला असता तर पुन्हा सही केली असती. पडवीत बसूनच मोबाईलवर सगळं लिहिलं, माझ्या तक्त्यातल्या खुणेपासून. खाली नाव आणि हुद्दा घालून पाठवून दिलं.

काका आत जाऊन हात धुऊन आले. "काकूला म्हनावं भात गरम कर," ते म्हणाले. "जेव आता. तुझं तोंड उतरलंय." ते मला पहिल्यांदाच अरे-तुरे बोलत होते.

तेल भरणं थांबलं. जाळ्या बदलल्या. 'हवेच्या नळांच्या जाळ्यांना रंग लावू नये' असं परिपत्रक सगळ्या बार्जवर गेलं, त्यावर कुणाचंच नाव नव्हतं. खोटा अहवाल लिहिल्याबद्दल माझी नोकरी गेली, आणि ते न्याय्यच होतं. तो लिहवून घेणाऱ्याची बदली झाली, तीही बढतीवर. पितळी पाटी अजून जेवणघरात आहे असं अन्वरभाई सांगतो. काकांना कंपनीने परत बोलावलं नाही. ते जेट्टीवर मासेमारी बोटींच्या डिझेलवर देखरेख करू लागले, आणि तिथले नाखवे त्यांना इतके कंटाळले की गेल्या काही वर्षांत तिथे एकही बोट पेटलेली नाही. मी आता अलिबागला एका छोट्या गोदामात कामाला आहे. तक्ता भरण्याआधी तिथे जाऊन बघतो. वेळ लागतो, आणि मालक त्यावरून बोलतोही.

काका गेल्या वर्षी गेले. दोन दिवसांचा ताप आला आणि गेले. कसलाही भडका न होता, शिस्तीत. मी आणि अन्वरभाई मिळेल त्या गाडीने पोचलो, तेव्हा स्मशानात सरण रचून झालं होतं. लाकडं ओली होती, म्हणून कुणीतरी बोटीवरून डिझेलचा कॅन आणला होता. सरणावर ओतून झाल्यावर उरलेला कॅन तसाच, झाकण न लावता, लाकडांना टेकवून ठेवला होता. काकांचा पुतण्या पेटता पेंढा घेऊन पुढे आला.

मी काही ठरवलं नव्हतं. पुढे होऊन म्हणालो, "जरा थांब." पुतण्या थांबला. मी कॅन उचलला आणि झाकण शोधायला लागलो. ते सापडेना. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि भटजींनी घड्याळ पाहिलं. अन्वरभाईने गवतातून झाकण हुडकून दिलं. मी ते घट्ट आवळलं, कॅन वाऱ्याच्या वरच्या अंगाला पार कुंपणापर्यंत नेऊन ठेवला, परत आलो आणि डेकवर काका घ्यायचे तसा हाताचा वास घेतला. मग वाळूने हात घासले.

"आता लाव," अन्वरभाई पुतण्याला म्हणाला.

मागे उभा असलेला, जेट्टीवर काकांची बोलणी खाल्लेला एक म्हातारा नाखवा हसला. त्याच्याबरोबर दुसरा, मग बाकीचेही. स्मशानात असं हसत नाहीत. सरण पेटेपर्यंत आम्ही सगळे हसत होतो, आणि मग एकेकाचं हसणं थांबत गेलं.